सरकवलेली भिंत

शनिवारी दुपारी पावणेचारला सुलेखा पानसरेनं सहज म्हणून फोनवर मेल उघडली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

पत्र इंग्लंडातल्या मार्लहॅम नावाच्या खेड्यातून आलं होतं आणि प्रेमाचं होतं. शिव्यांचं असतं तर परवडलं असतं. लिहिणाऱ्या होत्या मिस विनिफ्रेड लव्हेल, वय एकोणऐंशी, निवृत्त शिक्षिका, गावच्या पडक्या प्रायरीची, म्हणजे जुन्या मठाची, काळजी वाहणाऱ्या समितीतल्या. प्रायरीचं काम सुलेखाच्या कंपनीकडे आल्यापासून, गेले आठ महिने, त्या तिला पत्रं लिहीत होत्या आणि सिंगापुरातल्या यिशुनच्या या फ्लॅटमध्ये त्यांचं नाव कधीच विनीबाई पडलं होतं.

'प्रिय सुलेखा,' विनीबाईंनी लिहिलं होतं, 'तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. एकदा पानगळीत आणि एकदा वसंतात असं दोनदा स्कॅन करून घेतलं, ते जिन्याची भिंत हलते आहे की काय एवढंच बघायला. तुमच्या अहवालात दोन्ही स्कॅन पाच मिलिमीटरच्या आत जुळतात असं आलं आणि आमच्या इंजिनिअरनं त्यावर सही केली. चार वर्षं बंद असलेला जिना आज उघडतोय. दुपारी बारा वाजता मी वर चढून नावं वाचणार आहे. यंदा हा मान मला दिलाय. तुम्ही इथं असायला हव्या होतात.'

सुलेखानं पत्र पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. 'हलते आहे की काय' या शब्दांशी आली की डोळे पुढे सरकेनात. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कामाच्या कागदावर साधी सरळ ओळ होती, दोन स्कॅन एकत्र करून एक मॉडेल बनवणे. का एकत्र करायचे, हे मार्लहॅमच्या समितीला माहीत होतं, तिथल्या मोजणीवाल्यांना माहीत होतं. मधल्या चार हातांमधून सिंगापूरला येईपर्यंत ते कुठं गळालं देव जाणे.

"मनोहर," ती म्हणाली, "मी भिंत सरकवली."

तिचा नवरा सिंकखाली आडवा होऊन नळ दुरुस्त करत होता. मनोहर मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनिअर. दोन फेऱ्यांच्या मधे घरी असला की फ्लॅटमधलं काही ना काही उघडून बसायचा. "कुठली?" त्यानं आतूनच विचारलं.

"मार्लहॅमची."

"इथून?"

"इथूनच. एप्रिलमध्ये. आणि आज त्या भिंतीत विनीबाई चढणार आहेत."

मनोहर बाहेर आला. बायकोचा चेहरा पाहून त्यानं पाना खाली ठेवला. तेवढ्यात किमया, त्यांची सतरा वर्षांची मुलगी, पाठीला सॅक लावून ट्यूशनला निघाली होती, ती दारातच थबकली. "ममा, व्हाय यू लुक लाइक दॅट? समबडी डाय, इज इट?"

"अजून नाही," सुलेखा म्हणाली. "तू जा."

तिनं केलं होतं ते तिच्या धंद्यात दिवसातून दहादा केलं जातं, आणि म्हणूनच त्याची इतकी भीती वाटायला हवी होती. लेझर स्कॅनर भिंतीपुढे उभा करतात, तो कोट्यवधी ठिपके टिपतो. वेगवेगळ्या जागांवरून, वेगवेगळ्या दिवशी टिपलेले ठिपके कॉम्प्युटरवर एकमेकांवर बसवायचे, की इमारत उभी राहते. ठिपके शंभर टक्के कधीच बसत नाहीत. कधी तिवई हललेली असते, कधी दगड ओले असतात, कधी मोजणारा पोरगा घाईत असतो. मग जो तुकडा खोडसाळपणा करतो तो सुटा काढायचा, हलकेच सरकवायचा आणि जागेवर बसवायचा. सुलेखाचा यात हातखंडा होता. पुण्यात सिव्हिलची डिग्री, मग सिंगापुरात अकरा वर्षं हेच काम, आणि तेही बहुतेक नव्याकोऱ्या काँडोंचं. इथं इमारत तीन वर्षांची असते, कधी तीन महिन्यांची. तिची भिंत बोटभर जरी कलली असती तरी बातम्यांत आली असती. तेव्हा ठिपके जुळले नाहीत तर चूक मशीनची, भिंतीची नव्हे, हे अकरा वर्षांत तिच्या हाडीमासी खिळलं होतं. ऑफिसात कुणी तिला कधी उलटा प्रश्न विचारला नाही आणि तिनंही स्वतःला विचारला नाही.

मार्लहॅमचं सगळं जुळलं होतं, दोन-तीन मिलिमीटरच्या आत. फक्त पश्चिमेच्या भिंतीचा वरचा भाग पडद्यावर लालभडक झाला होता. नऊ सेंटिमीटरचा फरक. सुलेखाला त्याचा राग आला होता, खरोखरचा राग, स्वच्छ पुसलेल्या फरशीवर कुणी पाय उमटवून गेल्यावर येतो तसा. नऊशे वर्षं उभी असलेली भिंत सहा महिन्यांत कशाला हलेल, असं म्हणून तिनं तेवढा तुकडा सुटा काढला, पहिल्या स्कॅनवर नेऊन बसवला, लाल रंग हिरवा झाला, आणि तिनं अहवालावर सही ठोकली. नंतर कँटीनमध्ये जाऊन मजेत वाडगाभर लाक्सा खाल्ला होता, हेही तिला आत्ता आठवलं आणि स्वतःची किळस आली.

"पण मशीनच चुकलं असेल," मनोहर म्हणाला. "असं होतंच म्हणतेस ना?"

"तेच मी धरून चालले."

मनोहरनं हात पुसले. मग त्याला जे वाटत होतं ते त्यानं सांगून टाकलं. "आमच्याकडे काटा भलतंच काही दाखवायला लागला, तर आधी टाकी फुटलीय असं धरतो. जाऊन वाकून बघतो. काट्याला नंतर शिव्या घालतो."

"मला माहितीये," सुलेखा म्हणाली. "म्हणजे आता माहितीये."

मार्लहॅममध्ये त्या वेळी सकाळचे पावणेनऊ झाले होते. बारा वाजायला सव्वातीन तास. तिनं विनीबाईंना मेल टाकली, 'कृपया जिन्यात चढू नका, लगेच फोन करा', आणि त्यांच्या मोबाइलवर फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मूळ स्कॅन ऑफिसच्या सर्व्हरवर होते, घरून उघडत नव्हते. दोघं टॅक्सीत बसून क्वीन्सटाउनच्या ऑफिसला निघाली.

टॅक्सीत सुलेखा बाहेर बघत होती, पण तिला दिसत होती ती प्रायरी. तिनं ती कधी प्रत्यक्ष पाहिली नव्हती, तरी तिच्या दगडादगडाची तिला ओळख होती. विनीबाईंनी पत्रांतून तिला तिथं नांदवलंच होतं म्हणा ना. बाराव्या शतकात कुणा सरदारानं सख्ख्या भावाला मारलं आणि ते पाप फेडायला ओढ्याकाठची जमीन बेनेडिक्टाइन पंथाच्या साधूंना देऊन टाकली. मोठ्या मठातून तेरा जण आले, बारा साधू आणि त्यांचा प्रमुख. त्याला म्हणायचे प्रायर, म्हणून त्या लहान मठाला प्रायरी. काळे झगे घालायचे, दिवसरात्रीत आठ वेळा प्रार्थनेला उभे राहायचे, शेती करायचे, तळ्यात मासे पाळायचे. जेवताना बोलायची बंदी. मीठ हवं तर बोटांची खूण, मासा हवा तर पंजा आडवा धरून शेपटीसारखा हलवायचा. बाकीचे जेवत असताना एक जण भोजनगृहाच्या भिंतीच्या पोटातल्या जिन्यानं वर जायचा आणि भिंतीतच कोरलेल्या सज्जात उभा राहून पोथी वाचायचा. त्याला जेवण सगळ्यात शेवटी आणि गार. 'मला त्या वाचणाऱ्याची फार दया येते,' विनीबाईंनी लिहिलं होतं, 'चाळीस वर्षं मी वर्गात तेच केलं.'

चारशे वर्षं हे चाललं. मग राजाचा मठ मोडायचा हुकूम आला. माणसं आली, त्यांनी उरलेल्या आठ साधूंना बाहेर काढलं, छपराचं शिसं उतरवलं आणि ते वितळवायला देवळातली लाकडी आसनंच जाळली. नंतर गावानं दगड नेले. मार्लहॅममध्ये प्रायरीचा चोरलेला दगड नाही असं एकही जुनं घर नाही, असं विनीबाई अभिमानानं सांगायच्या; गावच्या पबमध्ये तर शेकोटीच्या वर एका संताचं नाक तुटलेलं डोकं बसवलं होतं. उरलं काय, तर वेशीसारखा एक दरवाजा, कबुतरखाना, कोरडी तळी आणि भोजनगृहाची पश्चिमेची भिंत. आठ मीटर उंच, वरून छप्पर नाही, बाजूला आधार नाही, आणि पोटात जिना म्हणजे आतून पोकळ. दर अकरा जुलैला, संत बेनेडिक्टच्या दिवशी, गावातलं कुणीतरी त्या सज्जात चढून हाकललेल्या आठ साधूंची नावं वाचायचं. चार वर्षांपूर्वी एक दगड निखळला, जिना बंद झाला, तेव्हापासून नावं खाली गवतावर उभं राहून वाचत होते.

ऑफिसात शनिवारी चिटपाखरू नव्हतं. सुलेखानं मूळ स्कॅन उघडले. माऊस नको तिथं जात होता. या वेळी तिनं भिंतीला हात लावला नाही. जमीन जमिनीवर बसवली, दरवाजा दरवाज्यावर, कबुतरखाना कबुतरखान्यावर, आणि भिंत जिथं पडेल तिथं पडू दिली.

तळाशी फरक शून्य. दोन मीटरवर दोन सेंटिमीटर. चार मीटरवर साडेचार. अगदी वर नऊ.

"तिवई हलली असती तर काय झालं असतं?" तिच्या खांद्यामागून मनोहरनं विचारलं.

"तिवई हलली असती तर पायापासून वरपर्यंत सगळंच सारखं सरकलं असतं." तिनं पडद्यावर बोट फिरवलं. "असं वर जाताना वाढत गेलं नसतं. ही कलतेय, मनोहर. बाहेरच्या बाजूला. हे बघायला दहा मिनिटं लागली मला. एप्रिलमध्ये मी दहा मिनिटं दिली नाहीत."

तिनं वर्षानुवर्षं सुबकपणे बसवलेल्या सगळ्या भिंती एकदम डोळ्यांपुढून गेल्या आणि त्यांतली एकही खात्रीची वाटेना. पण घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती, म्हणजे तिकडे दहा वाजून गेले होते. रडायला वेळ नव्हता.

आधी तिनं दीपेशला फोन लावला. दीपेश सावे कंपनीचा मालक, मुंबईचा, तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. मुलाला फुटबॉलला घेऊन गेला होता; मागून शिट्टीचा आवाज येत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता, आणि घाबरलेला मालक वाईट माणसापेक्षा फारसा बरा नसतो.

"सुलेखाताई, तुम्ही आधी शांत व्हा," तो म्हणाला. "शंभर टक्के खात्री आहे?"

"आहे."

"मग सोमवारी सकाळी मी वकिलाशी बोलतो. तोवर लेखी काही नको. एक ओळसुद्धा नको. आपण तीन ठिकाणची कामं मागितलीयत त्या मोजणीवाल्यांकडे, तुम्हाला माहितीये."

"दीपेश, सोमवार कसला? दोन तासांत त्या वर चढतायत."

"मग फोन करून सांगा ना, आज नका चढू म्हणून. ऊन आहे, पाऊस आहे, काहीही सांगा. फक्त आपण चुकलो असं म्हणू नका." मग थोडं थांबून, आवाज मऊ करून तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात तुमच्या पासचं रिन्यूअल आहे. मी काही बोलत नाही हं. तुमच्या लक्षात असावं म्हणून."

तो बोलला नाही तरी सगळं बोलून झालं होतं. सुलेखाच्या एम्प्लॉयमेंट पासवर तिघांचाही इथला मुक्काम टांगलेला होता. मनोहर वर्षातले सात महिने समुद्रावर. जमिनीवर तो बायकोच्या पासच्या आधारानं राहायचा. किमयाची ए-लेव्हलची परीक्षा नोव्हेंबरात होती. पास गेला की महिनाभरात बाडबिस्तरा आवरायचा आणि पोरीनं दोन वर्षं घासलेला अभ्यास अर्ध्यावर टाकून पुण्याचं विमान धरायचं. सुलेखानं फोन टेबलावर पालथा ठेवला आणि मनोहरकडे बघितलं. त्यानं पलीकडचं सगळं ऐकलं होतं.

"आधी त्या बाईला खाली ठेव," तो म्हणाला. "बाकीचं आपण दोघं बघू."

पण विनीबाई सापडेनात. मोबाइल वाजत राहायचा. समितीच्या ऑफिसचा नंबर सांगत होता, कार्यालय सोमवार ते शुक्रवार उघडं असतं. इंजिनिअरला मेल टाकली तर तत्क्षणी उत्तर आलं की तो वीस तारखेपर्यंत सुट्टीवर आहे. तिकडच्या जिल्ह्याच्या पोलिसांचा नंबर मिळाला. त्यांनी तिला नाव विचारलं, ती कुठून बोलतेय ते विचारलं, सिंगापूर म्हटल्यावर पुन्हा विचारलं, आणि एवढा वेळ रांगेत ठेवलं की सव्वासहा झाले. ती ऑफिसभर येरझाऱ्या घालायला लागली.

"गावात त्या जागेच्या शेजारी काय आहे?" मनोहरनं विचारलं.

"चर्च. पब. पोस्ट कधीच बंद झालंय."

"मग पबला फोन लाव. बंदरात एजंट फोन उचलत नसला की आम्ही गेटासमोरच्या टपरीवाल्याला पकडतो. त्याला सगळं माहीत असतं आणि तो उचलतोच."

सुलेखानं ऑफिसच्या फोनवरून लावला आणि पबवालीनं खरंच दुसऱ्या घंटेला उचलला. तिचं नाव हेझल. तिचं इंग्रजी सुलेखाला आणि सुलेखाचं तिला पहिल्यांदा मुळीच कळेना. सुलेखानं एकेक शब्द सुटा करून सांगितला: जिन्याची भिंत कलली आहे, विनिफ्रेडना वर जाऊ देऊ नका, मी मोजणारी आहे.

"वाचन बाराला आहे," हेझल म्हणाली. "पण म्हातारी मघाशीच गेलीय वर. आवाज पोचतो का बघतेय."

सुलेखानं टेबलाची कड घट्ट धरली. "पळा," ती म्हणाली. "प्लीज. फोन चालू ठेवा आणि पळा."

पुढची तीन मिनिटं सुलेखा जन्मात विसरणार नाही. फोनमधून आधी दार आपटल्याचा आवाज आला. मग खडीवर पावलं, हेझलची धाप, कुठंतरी बँडवाले सूर लावत होते, पोरं हसत होती. आणि त्या सगळ्याच्या वरून एक आवाज यायला लागला, म्हातारा पण खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला. "ब्रदर थॉमस. ब्रदर अँब्रोज. ब्रदर विल्यम, स्वयंपाकी." आठ महिने पत्रं वाचलेल्या बाईचा आवाज सुलेखा पहिल्यांदाच ऐकत होती आणि तो भिंतीतून येत होता. मनोहरनं तिच्या पाठीवर हात ठेवला होता, तो तिला जाणवतही नव्हता.

"विनी," हेझल ओरडली. "खाली या. हळू या. सिंगापूरहून फोन आहे."

आवाज थांबला. बँडही थांबला. मग बराच वेळ काहीच नाही. कुणीतरी पोरांना मागे व्हायला सांगत होतं. दगडी जिन्यावर बूट घासल्याचा आवाज आला, एक पायरी, मग दुसरी. हेझल श्वास रोखून फोन धरून उभी असावी, कारण तिचाही आवाज नव्हता.

"हॅलो? सुलेखा? तुम्हीच का?"

सुलेखानं फोन दोन्ही हातांनी धरला. "तुम्ही कुठं उभ्या आहात?"

"गवतावर. भिंतीपासून लांब. हेझलनं मला ओढतच आणलं. काय झालं, माझ्या बाई?"

सुलेखानं सांगितलं. ऊन म्हणाली नाही, पाऊस म्हणाली नाही. भिंत सहा महिन्यांत नऊ सेंटिमीटर कलली आहे, स्कॅनमध्ये ते स्पष्ट होतं, मला ती मशीनची चूक वाटली, मी ती भिंत उचलून जागेवर बसवली आणि सगळं जुळतं असं लिहून दिलं. अहवाल खोटा आहे. चूक माझी आहे, माझ्या एकटीची. तिनं एका दमात सांगितलं आणि शिव्यांची वाट बघत उभी राहिली.



"म्हणजे ती हलली होती," विनीबाई म्हणाल्या.

"हो."

"बघा हं, मला नीट समजू द्या. हलली होती. खरोखर."

"हो. मला माफ करा."

"चौथ्या पायरीपाशी एक फट आहे," विनीबाई सावकाश बोलायला लागल्या. वर्गात पोरांना समजावल्यासारखा एकेक शब्द. "किल्ल्या माझ्याकडे असायच्या, मी रोज सकाळी तिथं जायची. नोव्हेंबरात तिच्यात माझं नख जायचं. मार्चमध्ये करंगळी जायला लागली. मी समितीला सांगितलं. दोनदा, तीनदा सांगितलं. मग तुमचा अहवाल आला. त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला, फार प्रेमानं ठेवला, आणि म्हणाले, विनिफ्रेड, बघ, मशीन म्हणतंय काही हललेलं नाही. सहा जण बसले होते. सगळ्यांना माझी कीव आली होती."

सुलेखाच्या समोर पडद्यावर ती भिंत लाल दिसत होती.

"माझी आई याच वयात सगळं विसरायला लागली होती. तिलाही नसलेल्या गोष्टी दिसायच्या. मी म्हटलं, आली माझीही वेळ. किल्ल्या मीच देऊन टाकल्या. मग पुतण्याशी बोलले. एकटीनं राहणं बरं नाही, असं आमचं ठरलं. घर विकलं. गुरुवारी सह्या झाल्या. सोमवारी तो मला न्यायला येतोय, समुद्रकाठी एक वृद्धाश्रम आहे तिथं. आजचं वाचन त्यांनी निरोपाचं म्हणून दिलंय मला."

सुलेखा खुर्चीत बसली नाही, खुर्ची तिच्याखाली आली म्हणून बसली. अडीच तास ती भिंत पडू नये म्हणून धावत होती, आणि भिंत एप्रिलमध्येच पडून गेली होती, एका शहाण्या बाईच्या अंगावर, आणि सुलेखानं इकडे लाक्सा खाल्ला होता. माफ करा म्हणणंसुद्धा आता तोंड वर करून बोलल्यासारखं झालं असतं.

"घर परत मिळणार नाही का?" शेवटी तिनं विचारलं.

"नाही. तरुण जोडपं आहे, लहान बाळ आहे त्यांना." विनीबाईंनी नाक शिंकरलं. मग आवाज सावरून म्हणाल्या, "तुम्ही मला हे लिहून द्याल का? कागदावर, तुमच्या सहीनिशी. भिंत हलली होती आणि मी बरोबर होते, एवढंच. सोमवारी जाताना मला ते बरोबर न्यायचंय. तिथल्या डॉक्टरांना दाखवायचंय. समितीला तर आत्ताच दाखवीन, सगळे इथंच उभे आहेत केक घेऊन."

टेबलावरचा सुलेखाचा मोबाइल तेवढ्यात उजळला. दीपेशचा मेसेज होता: काही लेखी देऊ नका, प्लीज. मनोहरनं तो वाचला, सुलेखानंही वाचला. मनोहरनं कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला.

तिनं फोन कानाशी धरून एका हातानं टाइप केलं. मार्लहॅम प्रायरीची पश्चिमेची भिंत ऑक्टोबर ते एप्रिल या काळात वरच्या टोकाला नऊ सेंटिमीटर बाहेर कलली. मूळ स्कॅनमध्ये हे दिसतं. माझ्या अहवालातलं विधान चुकीचं होतं आणि ती चूक माझी आहे. मिस विनिफ्रेड लव्हेल यांनी जे पाहिलं आणि सांगितलं ते पहिल्यापासून बरोबर होतं. खाली तिनं पूर्ण नाव आणि पद लिहिलं. समितीच्या सहाही जणांचे पत्ते टाकले, इंजिनिअरचा टाकला, दीपेशचाही टाकला. फोनवर ते वाचून दाखवलं आणि पाठवून दिलं. क्षणभर किमया डोळ्यांपुढे आली, पण हात थांबला नाही.

"पोचलं," थोड्या वेळानं विनीबाई म्हणाल्या. कुणाच्या तरी फोनवर त्या वाचत असाव्यात. मागे माणसं एकमेकांत कुजबुजत होती. भिंतीभोवती दोर बांधा असं कुणीतरी सांगत होतं, आणि हेझल कुणाला तरी मोठमोठ्यानं झापत होती.

"अजून एक विचारायचं होतं," विनीबाई म्हणाल्या. "रागावून नाही विचारत. तुम्ही ती भिंत सरकवलीत, तेव्हा तो फरक तुम्हाला तिथं दिसला होता?"

सुलेखानं पडद्याकडे पाहिलं. नाही म्हणणं सोपं होतं. मशीनवर ढकलता आलं असतं, दीपेशवर, मोजणीवाल्यांवर.

"दिसला होता," ती म्हणाली. "लालभडक दिसला होता."

"हं," विनीबाई म्हणाल्या. "मलाही दिसला होता."

आणि त्यांनी फोन हेझलकडे परत दिला.